गरोदरपणात ‘कॉन्ट्रास्ट’ सोनोग्राफी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न सावंतवाडीपासून दापोलीपर्यंतच्या घरांतून येतात. काही ओपीडीत समोर बसून विचारले जातात, बरेचसे व्हॉट्सअॅपवर रिपोर्टच्या फोटोखाली. विचारणारी कधी माहेरी बाळंतपणाला आलेली मुलगी असते, कधी तिची सासू, कधी मुंबईत नोकरीला असलेला आणि गणपतीशिवाय रजा न मिळणारा नवरा. इथली उत्तरं सर्वसाधारण आहेत. एखाद्या पेशंटचा निर्णय तिची फाइल हातात असलेले डॉक्टरच घेतील.

१. कॉन्ट्रास्ट सोनोग्राफी म्हणजे नक्की काय? साध्या सोनोग्राफीपेक्षा त्यात वेगळं काय करतात?

मशीन तेच, पोटावर फिरवतात तो प्रोब तोच, पोटावर लावायची जेलही तीच. फक्त तपासणी चालू असताना हाताच्या शिरेतून दोन-अडीच मिलिलीटर दुधाळ द्रव देतात आणि त्यामागून थोडं सलाइन सोडतात. या द्रवात वायूचे अतिसूक्ष्म बुडबुडे असतात. त्यांचा सरासरी आकार दोन-तीन मायक्रॉन, म्हणजे तांबड्या रक्तपेशीहूनही लहान. आत सल्फर हेक्साफ्लोराइडसारखा सहसा कशाशीही अभिक्रिया न करणारा वायू आणि भोवती बहुधा फॉस्फोलिपिडचं पातळ कवच.

ध्वनिलहरी लागल्या की बुडबुडे आकुंचन-प्रसरण पावतात आणि जिथे रक्त पोचतं ती जागा पडद्यावर उजळते. यकृतातल्या गाठीत रक्त कडेने शिरतं की मधून, किती सेकंदांत येतं आणि आजूबाजूच्या भागाआधी ओसरतं का, हे चालू चित्रात दिसतं. गाठ कसली आहे याचा अंदाज त्यावरूनच बांधतात. सगळं पाच-सहा मिनिटांचं काम.

हे तंत्र कालपरवाचं नाही. ‘सोनोव्ह्यू’ नावाचं औषध युरोपात २००१ पासून वापरात आहे. अमेरिकेत ते ‘ल्युमासॉन’ या नावाने मिळतं आणि तिथे २०१६ मध्ये यकृताच्या तपासणीसाठी त्याला परवानगी मिळाली, लहान मुलांसाठीसुद्धा. यात क्ष-किरण नाहीत, आयोडीन नाही, एमआरआयला वापरतात ते गॅडोलिनियमही नाही. त्यामुळे आधी क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) करून आणा, असंही कोणी सांगत नाही.

२. माझी पाचव्या महिन्यात ‘रंगीत सोनोग्राफी’ झाली. म्हणजे मला ते औषध दिलं का?

नाही. पडद्यावर दिसलेला लाल-निळा रंग कलर डॉपलरचा. तो मशीन स्वतः भरतं, रक्त प्रोबकडे येतंय की दूर जातंय हे दाखवायला. एनटी स्कॅन, अॅनॉमली स्कॅन, ग्रोथ स्कॅन, थ्रीडी-फोरडी यांतल्या कशातही शिरेतून काही देत नाहीत. हाताला सुई लागली नसेल तर कॉन्ट्रास्टचा प्रश्नच येत नाही. मला येणाऱ्या घाबऱ्या मेसेजपैकी बरेचसे इथेच मिटतात.

३. “डॉक्टरांनू, सुनेक सोनोग्राफीच्या वेळी हातात सुई टोचून औषध दिल्यानी. पोटातल्या पोराक काय होवचा नाय मां?”

आधी कागद बघूया. सोनोग्राफीच्याच दिवशी आयर्नचं सलाइन लागलेलं असू शकतं, रक्तगट निगेटिव्ह असेल तर अँटी-डीचं इंजेक्शन असू शकतं, उलट्या थांबायचंही असू शकतं. ही सगळी गरोदरपणातली नेहमीची औषधं आहेत. खरोखर कॉन्ट्रास्ट दिलं असेल तर रिपोर्टमध्ये औषधाचं नाव आणि किती मिलिलीटर दिलं ते लिहिलेलं असतं, आणि बहुधा सुनेची सहीही घेतलेली असते. तसं असेल तर प्रश्न ५ आणि ११ वाचा. सुनेला त्यानंतर अंगावर पित्त उठलं नाही, धाप लागली नाही, चक्कर आली नाही, तर इंजेक्शनच्या बाबतीत काळजीची वेळ निघून गेली असं समजा.

४. गरोदर बाईला असली तपासणी करायची वेळ येतेच कशाला?

बाळ बघण्यासाठी येत नाही. वेळ येते ती आईच्या दुसऱ्या एखाद्या आजारासाठी.

सर्वांत नेहमीचं कारण यकृतातली गाठ. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात पित्ताशय बघायला म्हणून प्रोब वर सरकतो आणि यकृतात तीन-चार सेंटिमीटरचा पांढरा ठिपका दिसतो. बहुतेक वेळा तो हेमॅन्जिओमा असतो, म्हणजे रक्तवाहिन्यांचा निरुपद्रवी गुंता, आणि त्याला हातही लावायचा नसतो. पण तो अॅडिनोमा (कर्करोग नसलेली, पण जपावी लागणारी गाठ) असेल तर गोष्ट वेगळी. अॅडिनोमा गरोदरपणात वाढू शकतो, मोठा असेल तर फुटून पोटात रक्तस्राव होऊ शकतो. क्वचित कर्करोगाची शंका असते. साध्या सोनोग्राफीत हे तिन्ही एकमेकांसारखे दिसू शकतात. कॉन्ट्रास्टने हेमॅन्जिओमा कडेकडून ठिपक्याठिपक्याने उजळत आत भरत जातो. कर्करोगाची गाठ बहुधा लवकर उजळते आणि मग आजूबाजूच्या यकृतापेक्षा काळी पडते. एवढ्यावर सहा महिन्यांची धाकधूक संपू शकते, किंवा वेळेवर उपचार सुरू होऊ शकतात.

दुसरी कारणं कमी वेळा येतात: किडनीच्या संसर्गात गळू झालंय का हे बघणं, आतड्याच्या क्रोन्स आजारात सूज किती आहे ते बघणं, अपघातात यकृत किंवा प्लीहा फाटलीय का ते बघणं (प्रश्न १३), आणि हृदयाच्या काही तपासण्या (प्रश्न १२).

पावसाळ्यात लेप्टोच्या तापाने काविळ झालेल्या गरोदर बायका आमच्याकडे येतात, म्हणून वेगळं सांगतो: लेप्टोसाठी कॉन्ट्रास्ट लागत नाही. निदान रक्तावर होतं आणि यकृत-किडनी बघायला साधी सोनोग्राफी पुरते.

५. ते बुडबुडे बाळापर्यंत जातात का?

आजवरच्या माहितीनुसार जात नाहीत. हा प्रश्न सर्वांत जास्त येतो, म्हणून जरा सविस्तर.

हे बुडबुडे रक्तपेशीहून लहान असले तरी रक्तवाहिनीच्या भिंतीतून बाहेर पडण्याइतके लहान नसतात. आयोडीनचं किंवा गॅडोलिनियमचं कॉन्ट्रास्ट रेणूंच्या रूपात असतं, ते वाहिनीतून झिरपून ऊतींत जातं आणि वार (प्लॅसेंटा) ओलांडून बाळाकडेही पोचतं. बुडबुडे आईच्या रक्तातच फिरत राहतात. वारेच्या आईकडच्या बाजूला आईचं रक्त येतं, तिथवर ते जातात. वारेतल्या बाळाच्या वाहिन्या वेगळ्या असतात. आईचं आणि बाळाचं रक्त तिथे शेजारून वाहतं, मिसळत नाही. माकडांवर झालेल्या अभ्यासांत बुडबुडे आईकडच्या बाजूला उजळले, बाळाच्या बाजूला दिसले नाहीत.

मग बुडबुडा फुटल्यावर आतल्या वायूचं काय? तो रक्तात विरघळतो आणि श्वासावाटे निघून जातो. सोनोव्ह्यूच्या दोन मिलिलीटरमध्ये वायू असतो अवघा १६ मायक्रोलीटर, एखाद्या बारीक थेंबाहून कमी. त्यातला ८० टक्क्यांहून जास्त पहिल्या दोन मिनिटांतच फुप्फुसातून बाहेर पडतो आणि पंधरा मिनिटांत जवळजवळ सगळा. विरघळलेल्या वायूचा अंश वार ओलांडू शकेल असं कागदावर म्हणता येईल, पण ते प्रमाण अत्यल्प आणि वेळ मोजून काही मिनिटं. कवचातला फॉस्फोलिपिड शरीर स्वतःच्या फॉस्फोलिपिडसारखाच पचवतं.

६. इतकं निर्धोक असेल तर औषधाच्या पत्रकात ‘गरोदरपणात टाळावे’ का लिहितात?

कारण ‘धोका सापडला नाही’ आणि ‘धोका नाही हे सिद्ध झालं’ यांत अंतर आहे, आणि पत्रक लिहिणारे ते अंतर पाळतात. गरोदर उंदीर आणि सशांवरच्या चाचण्यांत अपाय आढळला नाही. गरोदर स्त्रियांवर मात्र मोठे अभ्यास झालेले नाहीत. औषधांच्या चाचण्यांतून गरोदर बायकांना वगळण्याचीच पद्धत आहे, त्यामुळे ही अडचण या एका औषधाची नाही. म्युनिकच्या विद्यापीठ रुग्णालयातून यकृतातल्या गाठींसाठी अशी तपासणी केलेल्या मोजक्या गर्भवतींचा अहवाल आला आहे. त्यांत आईला किंवा बाळाला त्रास झालेला नाही. पण मोजक्या म्हणजे मोजक्याच. हजारात एखादा होणारा दुष्परिणाम अशा संख्येत दिसणारच नाही.

म्हणून माझं मत असं: हौसेने किंवा ‘करून ठेवूया’ म्हणून ही तपासणी गरोदरपणात करू नये. पण आईच्या जिवाचा किंवा उपचाराचा खरा प्रश्न असेल, साध्या सोनोग्राफीने तो सुटत नसेल आणि बाळंतपणापर्यंत थांबणं धोक्याचं असेल, तर पत्रकातल्या एका ओळीकडे बोट दाखवून तिला जास्त जोखमीच्या तपासणीकडे ढकलणंही बरोबर नाही. हा पत्रकाबाहेरचा वापर आहे, हे तिला समजावून सांगून, लेखी संमती घेऊन करायचा.

७. आमचे डॉक्टर म्हणतात, त्यापेक्षा एमआरआय करा. कोण बरोबर?

बऱ्याच वेळा तेच बरोबर असतील. गॅडोलिनियमशिवायचा एमआरआय गरोदरपणात करता येतो आणि आधी तो बघणं हा नेहमीचा, रास्त क्रम आहे. अनेक गाठींचं उत्तर त्यातच मिळतं.

प्रश्न येतो तो उत्तर न मिळाल्यावर. गॅडोलिनियम वार ओलांडतं, गर्भजलात उतरतं आणि तिथे रेंगाळतं. कॅनडातल्या ऑन्टॅरिओ प्रांतातल्या २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात गॅडोलिनियमचा संबंध मृत जन्म, नवजात मृत्यू आणि मुलांतल्या काही दाहक व त्वचेच्या विकारांशी दिसला. त्या अभ्यासावर आक्षेपही घेतले गेले, तरी तेव्हापासून सगळेच हात राखून असतात. सीटी स्कॅनमध्ये किरणोत्सर्ग आहे. पोटाच्या एका सीटीत बाळाला मिळणारी मात्रा सहसा ५० मिलिग्रेपेक्षा कमी असते आणि त्याखाली व्यंग वाढल्याचं दिसलेलं नाही, त्यामुळे जीव वाचवायला सीटी लागला तर करतातच. त्यातलं आयोडीन बाळाच्या थायरॉइडपर्यंत जाऊ शकतं, म्हणून नवजात बाळाची थायरॉइड तपासणी चुकवू नये.

तेव्हा साधा एमआरआय करूनही शंका उरली, तर पुढच्या पायरीवर गॅडोलिनियम आणि सीटीच्या आधी बुडबुड्यांचा विचार करायला मी सांगेन.

८. बुडबुडे पोटात फुटतात असं वाचलं. त्याने बाळाला धक्का बसत नाही?

जोरदार ध्वनिलहरींनी बुडबुडा फुटू शकतो आणि अगदी जवळच्या केशवाहिनीला त्याचा धक्का बसू शकतो, हे प्रयोगशाळेत दिसलं आहे. म्हणून ही तपासणी मुद्दाम हळू आवाजात करतात. मशीनच्या पडद्यावर कोपऱ्यात ‘एमआय’ म्हणून ध्वनिलहरींचा जोर सांगणारा आकडा असतो. सोनोग्राफी मशीनसाठी त्याची कमाल मर्यादा १.९ आहे, कॉन्ट्रास्टच्या वेळी तो साधारण ०.१ च्या आसपास ठेवतात. काही तंत्रांत मध्येच क्षणभर आवाज वाढवून सगळे बुडबुडे एकदम फोडतात आणि नव्याने भरताना बघतात. गरोदर बाईत, विशेषतः प्रोबच्या वाटेत गर्भाशय येत असेल तर, ते करू नये असं मला वाटतं. यकृत बघताना प्रोब बरगड्यांखाली असतो आणि पहिल्या सहा महिन्यांत बाळ त्याच्या वाटेत फारसं येतच नाही.

९. मला कोळंबी आणि तिसऱ्यांची अॅलर्जी आहे. चालेल का?

चालेल. मासळीची अॅलर्जी तिच्यातल्या प्रथिनांची असते. ‘मासे चालत नाहीत म्हणजे आयोडीन चालणार नाही’ हा समज किनाऱ्यावर घट्ट बसलाय, पण तो आयोडीनच्या कॉन्ट्रास्टबाबतही खरा नाही, आणि इथे तर आयोडीनच नाही. त्याऐवजी दोन गोष्टी सांगा. एक, पीईजी म्हणजे पॉलिइथिलीन ग्लायकॉलची अॅलर्जी. ते काही बुडबुड्यांच्या औषधांत असतं आणि कोलोनोस्कोपीआधी पोट साफ करायच्या पावडरीतही असतं. त्या पावडरीने कधी त्रास झाला असेल तर जरूर सांगा. दोन, अंड्याची अॅलर्जी. ‘सोनाझॉइड’ या औषधात अंड्यापासूनचा घटक असतो. कोणतं औषध वापरणार आहेत त्यावर हे ठरतं.

१०. मग खरा धोका कुठला, स्पष्ट सांगा.

आईला तीव्र अॅलर्जी येणं. साधारण दहा हजारांत एकाला अशी गंभीर प्रतिक्रिया येते: रक्तदाब कोसळतो, श्वास घ्यायला त्रास होतो, अंगावर गांधी उठतात. गरोदर बाईचा रक्तदाब पडला की वारेकडे जाणारं रक्त आधी कमी होतं, म्हणजे बाळाला फटका बसतो तो आईच्या रक्तदाबामार्फत. म्हणून मी विचारेन ते हे: खोलीत अॅड्रेनॅलिन आणि ऑक्सिजन हाताशी आहे का, इंजेक्शन देणारा डॉक्टर तिथेच थांबणार आहे का. नंतर किमान अर्धा तास तिला तिथेच बसवायचं. पाचव्या महिन्यानंतर तिला सरळ उताणं झोपवू नये, डाव्या कुशीकडे कलतं ठेवावं. हे तर कुठल्याही तपासणीला लागू आहे. आधीच फुप्फुसातला रक्तदाब खूप वाढलेला असेल किंवा हृदयविकार ताजा असेल, तर हे इंजेक्शन देण्यापूर्वी हृदयरोगतज्ज्ञांशी बोलावं.

११. मला दिवस गेलेत हे माहीत नसताना ही तपासणी झाली. आता काय करू?

काहीही वेगळं करू नका. गर्भपाताचा विचार तर या एका कारणासाठी अजिबात नको. औषधातला वायू पंधरा मिनिटांत जवळजवळ सगळा शरीराबाहेर गेलेला असतो (प्रश्न ५). तपासणीची तारीख आणि औषधाचं नाव तुमच्या प्रसूतितज्ज्ञांना सांगा, फाइलवर लिहून घ्या, नेहमीचे स्कॅन वेळेवर करा. त्याच वेळी सीटी किंवा दुसरी औषधं झाली असतील तर त्यांचा विचार वेगळा.

उलट बाजूने, मूल राहत नसताना गर्भनलिका उघड्या आहेत का बघायला गर्भाशयात द्रव, फेस किंवा बुडबुडे सोडून सोनोग्राफी करतात. ती गर्भ राहिल्याची शंका असताना करायचीच नसते. इथे औषध थेट गर्भाशयात जातं, शिरेत नाही. म्हणून ती पाळी संपल्यावर, साधारण सहाव्या ते दहाव्या दिवसाच्या दरम्यान करतात. पाळी नेहमीपेक्षा कमी गेली असेल तर आधी लघवीची चाचणी करा.

१२. इको करताना सलाइनचे बुडबुडे सोडले. तेही हेच का?

नाही. दोन सिरिंजमध्ये सलाइन घुसळून केलेले बुडबुडे मोठे असतात आणि फुप्फुसात अडकून विरतात. हृदयाच्या पडद्याला छिद्र असेल तर ते हृदयाच्या डाव्या बाजूला दिसतात, मुख्यतः त्यासाठीच ती तपासणी असते. त्यात औषध नसतं. मात्र लठ्ठपणामुळे हृदय नीट दिसत नाही म्हणून प्रश्न १ मधलं औषध दिलं असेल, तर वरचं सगळं लागू.

१३. हायवेला अपघात झाला आणि बाई सात महिन्यांची गरोदर असेल तर?

मुंबई-गोवा महामार्गावर राहणाऱ्यांना हा प्रश्न काल्पनिक वाटत नाही. अशा वेळी आधी साधी सोनोग्राफी करून पोटात रक्त आहे का बघतात. बाईचा रक्तदाब टिकत नसेल तर कॉन्ट्रास्टचा घोळ घालत बसू नये, शस्त्रक्रिया किंवा सीटी, जे ठरेल ते लगेच. ती स्थिर असेल आणि यकृत-प्लीहेला इजा झाल्याची शंका असेल तर, सोय असलेल्या ठिकाणी बुडबुडे उपयोगी पडतात. पुढच्या दिवसांत तीच इजा पुन्हा बघायलाही. पण गर्भाशयाची इजा किंवा वार सुटणं याबाबत यावर विसंबू नये. त्यासाठी बाळाचे ठोके आणि आईची लक्षणं बघत राहावं लागतं.

१४. वार खाली आहे, सिझरच्या जुन्या टाक्याला चिकटलीय म्हणतात. यात कॉन्ट्रास्ट लागेल का?

सहसा नाही. अनुभवी हाताची साधी आणि डॉपलर सोनोग्राफी, आणि गरज पडल्यास गॅडोलिनियमशिवायचा एमआरआय. वारेचा रक्तपुरवठा बुडबुड्यांनी मोजण्यावर संशोधन चालू आहे, पण रोजच्या उपचारात ते आलेलं नाही. तुम्हाला त्याची खरी गरज नाही. गरज आहे ती रक्तपेढी आणि भूल देणारे डॉक्टर असलेल्या रुग्णालयात बाळंतपणाची आधीच सोय करण्याची. आंबा घाटात किंवा करूळला दरड कोसळलेली असताना रात्री निघण्यापेक्षा आठवडाभर आधी कोल्हापुरात किंवा गोव्यात बांबोळीच्या मोठ्या सरकारी रुग्णालयाजवळ नातेवाइकांकडे जाऊन राहा.

१५. बाळाला अंगावर पाजते. तपासणीनंतर दूध किती वेळ बंद ठेवू?

सोनोव्ह्यूच्या पत्रकाप्रमाणे दोन ते तीन तासांनी पुन्हा पाजता येतं. तपासणीआधी पाजून घ्या म्हणजे मधली वेळ जाणवत नाही. चोवीस तास दूध पिळून फेकायची गरज नाही. कोणी तसं सांगितलं तर का ते विचारा.

१६. आमच्या तालुक्यात ही तपासणी होते का? आणि यातही तो फॉर्म भरावा लागतो का?

सोनोग्राफी मशीन बहुतेक तालुक्यांत आहे. पण कॉन्ट्रास्टसाठी मशीनमध्ये त्यासाठीची खास सोय लागते, औषध आणि ते चित्र वाचायची सवय असलेला रेडिओलॉजिस्ट लागतो. म्हणून बहुतेकांना कोल्हापूर, मुंबई किंवा गोव्याच्या मोठ्या रुग्णालयात जावं लागतं. निघण्याआधी फोन करून तीन गोष्टी विचारा: औषध आणून ठेवलंय का, त्या दिवशी तपासणी करणारे डॉक्टर आहेत का, आणि गरोदर पेशंटची ही तपासणी ते करतात का. तिसऱ्या प्रश्नाला ‘नाही’ असं उत्तर आलं तर पाच तासांचा प्रवास वाचतो.

फॉर्म हो. यकृताची तपासणी असो की किडनीची, बाई गरोदर असेल तर गर्भलिंगनिदानविरोधी कायद्याखाली ‘एफ’ फॉर्म भरावाच लागतो, ओळखपत्रासह. हा केंद्राचा कायदा १९९४ चा. महाराष्ट्राने त्याआधीच १९८८ मध्ये स्वतःचा केला होता. मुलगा की मुलगी हे बुडबुड्यांनी कळत नाही, आणि कळलं तरी सांगणार नाही. हे लिहावं लागतंय, कारण तेही विचारून झालंय.

१७. तपासणीला जाताना बरोबर काय नेऊ?

आधीच्या सगळ्या सोनोग्राफीचे रिपोर्ट, आणि फक्त कागद नव्हे तर फिल्म किंवा सीडीसुद्धा. गाठ गरोदरपणाआधीपासून होती आणि तेवढीच आहे असं जुन्या फोटोत दिसलं, तर कधी कधी इंजेक्शन द्यायचीही गरज उरत नाही. रक्तगट, हिमोग्लोबिन, चालू गोळ्यांची पाकिटं आणि आधार कार्ड घ्या. यकृतासाठी चार-सहा तास उपाशी यायला सांगितलं असेल तर मधुमेह असलेल्या बाईने सकाळची पहिली वेळ मागून घ्यावी आणि इन्सुलिन किती घ्यायचं ते आदल्या दिवशीच विचारावं. सोबत एक माणूस असू द्या, तपासणीनंतरचा अर्धा तास तिच्याजवळ बसायला.